कंसातलं उलटं

वादिराजला शिकवता येत नाही, ओरडता मात्र येतं. माझाच लेक आहे म्हणून मी झाकून ठेवणार नाही. बंगळुरात पीण्या भागातल्या कारखान्यात हाताखालची माणसं "सरी सर", म्हणजे "बरं साहेब", म्हणतात आणि कामाला लागतात. वर तोंड करून विचारायची तिथं पद्धत नाही. तीच पद्धत यानं राजाजीनगरच्या घरी आणली आणि पोटच्या पोरीला लावली.

हर्षिताला घरांचे नकाशे काढायला शिकायचं होतं. येलहंक्याच्या एका कॉलेजात तो अभ्यास होता, पण आधी त्यांची गणिताची परीक्षा पार करायला हवी. त्यात ते साइनच्या लाटांचे आलेख, आणि पोरगी नेमकी तिथंच अडायची. ट्यूशन लावू म्हटलं तर वादिराजच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इंजिनियर बाप घरात असताना ट्यूशन? काहीतरीच काय आई!"

झालं. रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर शाळा भरायला लागली. मी पलीकडे बीन्स निवडत बसायची. मी चौथी शिकलेली, तीही कन्नडात. पण डोळे शाबूत आहेत. लाट वर जाते, खाली उतरते, मधल्या रेघेवर येते आणि पुन्हा पहिल्यासारखी सुरू होते. एका पूर्ण लाटेला जितकी जागा लागते, तो तिचा आवर्तकाल. कंसात एक्सच्या आधी दोन आला की हर्षिता लाट ताणून दुप्पट रुंद करायची. आकडा वाढला तर लाटही वाढणार, यात पोरीचं काय चुकलं? मीही तेच केलं असतं.

"उलटं!" वादिराज टेबलावर हात आपटायचा. "दोन आला की निम्म्या जागेत लाट संपते!"

म्हणजे निऱ्या बारीक घेतल्या की त्याच कापडात जास्त पडतात, तसं. पण असं सांगेल तर तो वादिराज कसला?

कंसात अधिक आला की ती लाट उजवीकडे सरकवायची. "उलटं! अधिक आला तर डावीकडे! किती वेळा सांगू? उलटं करायचं म्हणजे करायचं!"

"सरी अण्णा," पोरगी बापाला म्हणायची.

एकदा तिनं धीर केला. "अण्णा, पण कंसाच्या बाहेर आकडा असेल तर..."

"सांगितलंय तेवढं कर. शहाणपणा नको."

पुन्हा तिनं विचारलं नाही. हा आपला रोज कंसातलीच गणितं घालायचा, कारण ती चुकायची तिथं. हळूहळू ती चुकेनाशी झाली. "बसलं एकदाचं डोक्यात," म्हणून याची मान ताठ.

परीक्षा देऊन आली ती हसत. कित्येक महिन्यांनी हसलेली बघितली मी तिला. चपलासुद्धा न काढता तिनं बापाला गणित काढून दाखवलं. साइनच्या आधी तीन, शेवटी अधिक एक. लाट काढली ती चपटी, पापड लाटावा तशी, आणि सगळीच्या सगळी खाली सरकवलेली.

वादिराजनं कागद ओढला. "हे काय? लाट तिप्पट उंच हवी. आणि एक घर वर!"

"तुम्हीच म्हणालात ना, उलटं करायचं."

"कंसातलं उलटं! बाहेरचे आकडे सरळच असतात!"

"कंसातलं, असं कधी म्हणाला नाहीत तुम्ही."

त्यानं कागद टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "अशी किती होती?"

"बरीच," ती म्हणाली आणि चपला काढायला दाराकडे गेली.

निकालात तिचं नाव नव्हतं. रंगीत पेन्सिली, मोठे कागद, सगळं तिनं शेजारच्या अपूर्वला देऊन टाकलं. मी अडवलं, तर म्हणाली, "अज्जी, राहू दे. मला आता काही काढावंसं वाटत नाही." रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. रडलीही नाही.

काल जेवताना वादिराज म्हणाला, "पुढच्या वर्षी परत बस. या खेपेला मी नीट शिकवतो."

हर्षिता ताटावरून उठली. भात तसाच राहिला. आतल्या खोलीचं दार लागलं. हा माझ्याकडे बघायला लागला, मी काही बोलावं म्हणून.

मी बोलले. "वादिराज, परीक्षा पुढच्या वर्षीही येईल, पण आता ती बसायची नाही. तुझा शब्द तिनं देवाचा म्हणून पाळला, आणि त्यातच ती बुडाली. विचारायला आली तेव्हा तिचं तोंड तू बंद केलंस. आता ते उघडायला जाऊ नकोस, तुझ्याच्यानं व्हायचं नाही. माझ्याच्यानंही नाही."