परक्या धंद्यातली उपमा

मास्तरांची एक खोड होती. जुन्या परदेशी विनोदी नाटकातलं जड स्वगत आलं, की तालमीच्या हॉलमधल्या सगळ्यांनी, अगदी पडदा ओढणाऱ्यानेसुद्धा, ते आपापल्या धंद्यातली उपमा देऊन म्हणायचं. नट त्यातून शिकतात म्हणे! आज पाळी नायकाच्या एकतर्फी प्रेमाची. जिच्यावर जीव जडला ती ढुंकूनही बघत नाही, म्हणून हा बुवा स्वतःला कधी जखमी हरीण म्हणतो, कधी फुटकं गलबत.

"सरळ 'आवडतेस' म्हणायला जीभ झडते का मेल्याची?" शिवणवाली पुटपुटली. झग्याला टाचण्या लावता लावता तिने कान टवकारले, कारण आता सुतार उठत होता. गेले दोन महिने तो चहाचा कप घेऊन तिच्याच टेबलाशी येई. कशाला येतो, हे ती रोज स्वतःलाच विचारी, आणि आपल्याला हवं तेच उत्तर देई.

सुताराने मान खाजवली. "मी कोपऱ्यात उभा असतो. ती दिवा फिरवते, सगळ्यांवर उजेड पडतो. माझ्यापाशी आला, की नेमका दुसरीकडे वळवते."

"दिवे कधीपासून तुझा धंदा रे?" मास्तर हसले.

दिवेवाली शिडीवर वायर जोडत होती, तिचं लक्षच नव्हतं. शिवणवालीने मात्र वर पाहिलं. शिडी रोजच्यासारखी बरोब्बर शिवणाच्या टेबलाच्या डोक्यावर होती. अस्सं होय! दोन महिन्यांचं कोडं सुटलं, आणि सुटलं नसतं तर बरं झालं असतं.

"आता तुम्ही, शिवणबाई!"

सुई-दोऱ्याचं काहीतरी तिने घोकून ठेवलं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"मी फळी आहे. रंधा फिरेल म्हणून केव्हाची आडवी पडलेय. तो रोज येतो, माझ्यावर कप ठेवतो आणि वर बघत बसतो."

सगळे हसले, मग एकेकाची नजर सुताराच्या कपाकडे गेली. सुताराने टेबलावरचा आपला कप हळूच उचलला. एरवी तो तिला 'अगं' म्हणे.

"मला खरंच कळलं नाही हो, ताई."

 त्या 'ताई'ने तिला रडू आलंच होतं. तिने ते टाचण्यांबरोबर दातांत धरलं.

"कळलं ना आता? मग कप ठेव खाली, आणि जा, शिडी धर तिची. हलतेय केव्हाची."