प्रेमाबाईचं उदाहरण

कारखानीस सरांचा तो जोक कॉलेजात गाजलेला होता. एस. वाय.ला मॅक्रो इकॉनॉमिक्समध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण सुरू झालं, की दुसऱ्या वर्गातली पोरंसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसायची. सर खडू खाली ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "समजा, उद्या मी आमच्या प्रेमाबाईशी लग्न केलं."

इथेच निम्मा वर्ग फुटायचा.

"हसू नका, परीक्षेला येतं. प्रेमाबाई आमच्याकडे धुणं-भांडी करते, स्वयंपाक करते. मी तिला पगार देतो. तो पगार देशाच्या उत्पन्नात धरतात. आता लग्न झालं. धुणं तेच, भांडी तीच, पोळ्या त्याच. पगार मात्र बंद! म्हणजे माझ्या एका लग्नाने देशाचं उत्पन्न घटलं की नाही?"

टाळ्या, शिट्ट्या, बाक बडवणं. वाहवा! एवढा विद्वान माणूस, आणि अक्कल गेली ती अशी.

दुसऱ्या बाकावरच्या नंदाची कानशिलं मात्र तापली. सरांची प्रेमाबाई तिची आई होती.

वर्गात हे कुणाला ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही. आईनेच बजावलं होतं, "सांगा नको हां कोणाक. वर्गात मान वर करून बस." गिरणीच्या संपानंतर नंदाचे वडील, दशरथ, घरी बसले होते. भांडुपच्या त्यांच्या खोलीत चूल पेटायची ती मुलुंडला सरांच्या घरी आई राबायची म्हणून. म्हणून नंदाने त्या दिवशी ओठ चावला आणि गप्प राहिली.

पण जोक वर्गात संपला असता तर ना! कँटीनमध्ये चहाला उशीर झाला की पोरं ओरडायची, "ए प्रेमाबाई! उत्पन्न घटतंय गं!" फळ्यावर कुणीतरी बदाम काढून आत सरांचं आणि प्रेमाबाईचं नाव लिहिलं. नंदाची मैत्रीण मीरा पोट धरून हसत म्हणाली, "झकास आहे ना यार?" नंदाने डस्टर उचललं आणि फळा पुसला. असा पुसला की लाकडी पाठ खरखरली. मीरा बघतच राहिली. आईचं नाव ह्या टोळक्याच्या तोंडातून काढायचं, बाकी काही झालं तरी चालेल, असं नंदाने तिथेच ठरवलं.

पुढच्या तासाला सर गुणक शिकवत होते. एकाने खर्च केला की दुसऱ्याची कमाई होते, मग तो खर्च करतो, असं ते प्रकरण. मागून बाळ शिर्के उठला. मोठा शहाणा! "सर, प्रेमाबाईंचा गुणक किती?"

वर्ग खिदळला. सरही हसले. नंदा उभी राहिली.

"सर, प्रेमाबाईंचं आडनाव काय?"

"आडनाव?" सर गडबडले. "अगं, कामाच्या बाईला आडनाव कोण विचारतं?"

"घाडी. प्रेमा दशरथ घाडी. रोज हजेरीला तुम्ही घाडी म्हणता ना, ती मी. माझी आई आहे ती."

बाळ शिर्के हळूच खाली बसला. सरांनी चष्मा काढला, परत घातला. "हे बघ नंदा, जगातल्या सगळ्या पुस्तकांत हे उदाहरण आहे. मनावर घ्यायचं नसतं. बस."

"पुस्तकात नाव नाही सर. नाव तुम्ही घातलंत. एवढंच हसायचंय तर तुमच्या आईचं घाला की!"

झालं! सरांचा चेहरा लालबुंद. "गेट आऊट! वर्गासमोर माफी मागशील तेव्हाच आत पाय ठेव. नाहीतर टर्मवर सही मिळणार नाही, परीक्षा विसर!"

संध्याकाळी आई घरी आली ती तणतणतच. सरांच्या बायकोने तिला दारातच सगळं ऐकवलं होतं. उद्या पोरीने माफी मागावी, विषय संपला.

"जीभ लय चलता गो तुझी! शिकूक धाडलंय तुका, भांडूक नाय. सायबाची आवस काढतंस?"

"आधी त्यांनी माझी आई काढली!"

"काय केल्यानी असां? सांग!"

नंदाला सांगवेना. पण आई हलेना. मग नंदाने सगळं सांगितलं, खडू खाली ठेवण्यापासून टाळ्यांपर्यंत. कोपऱ्यात दशरथ ऐकत होते. त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले. ते बघून आईचा चेहरा पार बदलला.

"सगळी हसली?"

"सगळी."

"सर पण?"

"सर पण. दरवर्षी सांगतात."

"दरवर्षी," आई म्हणाली. "आणि मी थंय त्येंका गरम पोळी वाढतंय."

सकाळी आईने कामाची साडी नेसलीच नाही. हिरवी, ठेवणीतली काढली. "चल कॉलेजात. मापी मागूची हा ना?"

नंदाचं टाळकं सरकलं. अगं, हिच्यासाठी मी भांडले, आणि हीच मला नाक घासायला घेऊन चालली! वाटभर ती आईशी एक शब्द बोलली नाही. सरांच्या घराच्या गल्लीवरून दोघी गेल्या, आई तिकडे वळली नाही, तेव्हाही रागात नंदाच्या ध्यानात आलं नाही.

सर वर्गात आलेच होते. दारात प्रेमाबाईला बघून त्यांच्या हातातला खडूच थांबला. "प्रेमाबाई, तुम्ही इथे कशाला आलात? घरी बोललो असतो. पोरीला समज दिलीत ना?"

"दिलंय. पोरगी मापी मागतली." आई आत आली. नंदाच्या बाकावर, नंदाच्याच जागेवर बसली, पदर सारखा केला. "पण आधी तुमी तां सांगा."

"काय?"

"माझ्या लग्नाचां. सगळी हसतत म्हणे. माका पण हसूक गावांदे."

कुणी हसलं नाही. बाळ शिर्के बाकात तोंड घालून बसला. मीराने नंदाचा हात घट्ट धरला. आणि नंदाला एकदम कळलं की आई आज कामावर गेलीच नाही, आता जाणारही नाही. तिचे डोळे भरून आले.

सरांनी चष्मा काढला. पुसला. "प्रेमाबाई, ते... ते वेगळं असतं. मी तुम्हाला..."

"समजा म्हणतास ना पयलां? म्हणा, समजा," आई म्हणाली. "मी बसलंय."