घरी कोणी नसताना

बूट हातात घेऊन तो जिन्याच्या वळणावर उभा होता. पायांत नुसते मोजे, डोळे घड्याळावर, श्वाससुद्धा बेतानंच चाललेला. तीन मिनिटं झाली. दाराआड शांत होतं. चौथं मिनिट लागलं आणि आतून सुरू झालं. आधी दाराच्या फटीशी जोरजोरात हुंगणं, मग बारीक कुईकुई, मग दारावर पंजे. त्यानं खिशातला कागद काढला, भिंतीवर टेकवला आणि पेन्सिलीनं लिहिलं, 'बुधवार, सकाळ. चार मिनिटं. नापास.'

त्या कागदावर असे अकरा शेरे झाले होते.

इमारतीतली सगळी माणसं त्याला लिफ्टवाले म्हणत. एकोणतीस वर्षं तो लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करत होता आणि स्वतः मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या प्रत्येकानं त्याला एकदा तरी ऐकवलं होतं. तो हसायचा. जिन्यानं गुडघे चांगले राहतात, असं सांगायचा. त्याचे स्वतःचे गुडघे रोज कुरकुरायचे, ते सोडा.

आत रडणारा तो स्प्रिंग. आठ महिन्यांपूर्वी एका नव्या इमारतीत, लिफ्टच्या तळाशी जो खड्डा असतो त्यात तो उतरला, तेव्हा तेलकट चिंध्यांमध्ये मुठीएवढं पिल्लू सापडलं. आई आसपास दिसेना. संध्याकाळपर्यंत ठेवतो, असं म्हणून त्यानं ते डब्याच्या पिशवीत घातलं, आणि ती संध्याकाळ अजून यायची होती. जागच्या जागी चारही पाय एकदम हवेत उडवायची त्याची खोड बघून नाव पडलं स्प्रिंग.

पिंजराही त्यानं घरीच केला होता, एका मोडीत निघालेल्या लिफ्टच्या जाळीच्या दारापासून. सकाळी कामावर जाताना पिल्लू पिंजऱ्यात, दुपारी तासभर घरी येऊन त्याला मोकळं करायचं, पुन्हा पिंजऱ्यात. असे दिवस बरे चालले होते. पण पिल्लू कुठवर पिल्लू राहणार? आता नाक एका जाळीला आणि शेपूट दुसऱ्या जाळीला टेकत होती. आत वळायचं म्हटलं तरी त्याला आधी उठून विचार करावा लागे.

त्यातच साहेबांनी सांगितलं, येत्या सोमवारपासून गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात आठ लिफ्टचं काम. आठ ते सहा. म्हणजे दुपारी घरी येणं बंद. दहा तास त्याला त्या जाळीत कोंबून ठेवायचं त्याच्या जिवावर येत होतं. जनावरांची डॉक्टरीणही म्हणाली होती, "आता घर मोकळं द्या त्याला. थोडं थोडं करून सवय लावा." तशी सवय लागली नाही तर कंपनीच्या गोदामाचा चौकीदार स्प्रिंगला न्यायला टपूनच बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण तो कुत्र्याला फाटकापाशी साखळीनं बांधणार होता. काय ते रविवारपर्यंत ठरवायचं होतं.

म्हणून या चाचण्या. लिफ्टची चाचणी घ्यायची त्याची एक रीत होती. आधी रिकामी चालवायची, मग निम्म्या वजनानं, मग पुऱ्या वजनानं, आणि शेवटी स्वतः आत उभं राहून सगळे मजले फिरून यायचं. त्याशिवाय कागदावर सही करायची नाही. आपण जवळ राहून, कानानं ऐकून खात्री केली नाही, ती खात्री कसली? स्प्रिंगच्या बाबतीतही त्यानं तेच केलं. दार ओढायचं, वळणावर उभं राहायचं, ऐकायचं. आणि दर वेळी चौथ्या-पाचव्या मिनिटाला धावत वर जाऊन दार उघडायचं.

"अहो लिफ्टवाले, स्वतःच्याच घरात चोरी करायचा बेत आहे का?"

दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडून मावशी बघत होत्या. या मावशींचं घर बरोबर त्याच्या घराखाली. तीस वर्षं त्यांनी शिवणाचा वर्ग चालवला होता, बायकांचे कपडेही शिवून दिले होते. आता वर्ग बंद होता, मशीन मात्र चालू होतं.

त्यानं बूट मागे लपवले. "चाचणी घेतोय, मावशी. एकटा राहतो का ते बघतोय."

"मग एकटा राहू द्या की त्याला. तुम्ही तर इथं उभे."

"तो काय मला बघतोय?"

"बघायला कशाला हवं? कुत्र्याचं नाक आहे ते. आपला माणूस दाराबाहेर उभा आहे आणि आत येत नाही, हे त्याला पक्कं कळतं. मग रडेल नाहीतर काय गाणी म्हणेल? तुम्ही खरोखर कामावर जाता तेव्हा तो चकार शब्द काढत नाही. मी दिवसभर खालीच असते."

त्यानं कागदाची घडी करून तो खिशात घातला. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या समाधानासाठी सांगताय."

"मी?" मावशींनी चष्मा कपाळावर चढवला. "'बाई, तुमची कंबर दोन इंच वाढलीय', असं तोंडावर सांगून तीस वर्षं गिऱ्हाइकं सांभाळलीत मी. समाधान करायला मला येतच नाही. शनिवारी तुमचा अर्धा दिवस असतो ना? पिंजरा उघडा ठेवा आणि जा. मी कान देऊन बसते."

तो वर गेला. स्प्रिंगनं चारही पाय उडवून त्याचं स्वागत केलं. तो तिथंच फरशीवर बसला आणि कुत्र्याच्या मानेत बोटं घालून बराच वेळ खाजवत राहिला.

मावशी म्हणत होत्या ते त्याला पटत नव्हतं असं नाही. पटवून घ्यायची भीती वाटत होती. घरात कुणाला एकटं ठेवून जायचं, या गोष्टीचाच त्यानं धसका घेतला होता, आणि त्याला तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी बायको वाचनालयातून अर्धी रजा टाकून घरी आली होती. एकच्या सुमाराला तिचा फोन आला. "डोकं फार जड झालंय हो. जमलं तर लवकर या." तो म्हणाला, "आलोच." आणि त्याच मिनिटाला एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक आजोबा आणि त्यांची नात. दोघांना बाहेर काढेपर्यंत साडेचार वाजले, घरी पोचेपर्यंत साडेपाच. ती पलंगावर होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलंही नसेल.

डॉक्टरांवर त्याचा विश्वास बसला नाही, कारण हा त्याच्या धंद्यातलाच प्रकार होता. अडकलेल्या माणसांना तो स्वतः वरून ओरडून सांगायचा, "काही झालेलं नाही, पाचच मिनिटं!" काम असायचं दोन तासांचं. धीर द्यायला माणूस किती सहज खोटं बोलतो, ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्यामुळे त्याच्या मनातली बायको झोपलेली नव्हती. ती चार तास त्याला हाका मारत होती. कधी पलंगावरून, कधी दारापाशी येऊन. मूलबाळ नव्हतं, हे बोलायला दुसरं कुणी नव्हतं. दारामागून स्प्रिंगची कुईकुई ऐकू आली की तो जे धावत वर जायचा ते कुत्र्यासाठी थोडं आणि तिच्यासाठी फार असायचं.

शनिवारी तो पाचला उठला. टीव्हीच्या वायरी उंचावर बांधल्या. गॅस बंद केला, मग बंद आहे का ते दोनदा बघितलं. चपला कपाटावर ठेवल्या, कारण स्प्रिंगनं एक जोड आणि मोजपट्टीची दीड फूट पट्टी आजवर फस्त केली होती. पाण्याचं भांडं भरलं. पिंजऱ्याचं दार उघडून ते तसंच राहावं म्हणून दोरीनं बांधलं. स्प्रिंग हे सगळं डोकं वाकडं करून बघत होता.

साडेसातला त्यानं दार ओढलं आणि जिना उतरायला लागला. वळणावर पाय आपोआप थांबले. पण खालच्या दारातून मावशींनी नुसता हात हलवला, पुढे जा अशा अर्थी, आणि तो मुकाट्यानं निघाला.

साडेआठला त्यानं पहिला फोन केला. "काही नाही," मावशी म्हणाल्या. साडेनऊला दुसरा. "काही नाही." दहाला तिसरा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, कुत्रा गप्प आहे, तुमचा फोनच ओरडतोय सकाळपासून. कामं करा." मग त्यानं कामं केली. म्हणजे एका लिफ्टच्या दारात नवा पट्टा उलटा बसवला, तो काढला, पुन्हा सुलटा बसवला. बरोबरच्या माणसानं विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "घरी जरा काळजी आहे." कसली ते सांगितलं असतं तर तो माणूस आठवडाभर हसला असता.

दीडला तो इमारतीत पोचला. सरळ वर जाणार होता, पण मावशींचं दार उघडंच होतं.

"आधी इथं बसा," त्या म्हणाल्या. "वर गेलात की तो नाचायला लागेल, मग काय ऐकणार तुम्ही?"

त्यांनी त्याच्या हातात चहा दिला आणि मशीनसमोरच्या स्टुलावर बसून हकीकत सांगितली. "तुम्ही गेल्यावर दारापाशी गेला, पाचेक मिनिटं बसला. रडला नाही. मग सगळ्या घरातून फिरला, नखं वाजतात ना त्याची. खिडकीखाली थांबला बराच वेळ. नऊला आडवा झाला. साडेअकराला काहीतरी पाडलं."

"काय?"

"हलकं होतं. डबा असेल नाहीतर रिमोट. दोनदा चावल्याचा आवाज आला, मग टाकून दिलं त्यानं. पुन्हा झोपला. चौकीदाराला फोन करून टाका, कुत्रा मिळणार नाही म्हणून."

"एवढं सगळं ऐकू येतं खाली?"

"छताला काही जाडी आहे का या इमारतीत? तुम्हाला शिंका किती येतात तेही सांगेन."

तो हसला. मग हसू विरलं. कप दोन्ही हातांत धरून तो खाली फरशीकडे बघत राहिला. मावशींनी मशीनवरचा कापडाचा तुकडा उचलला, पण शिवायला घेतला नाही.

"मावशी," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही घरी होतात?"

कोणत्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही. "होते."

"वरून काही आवाज आला होता का?"

"तुम्ही विचाराल म्हणून तीन वर्षं थांबले होते," मावशी म्हणाल्या. "आपण होऊन सांगायला जीभ रेटेना. वाटायचं, ह्यांना नसेल ऐकायचं. एकला आली ती. चपला काढल्या, एक इकडे, एक तिकडे. दमली की तशाच काढायची. नळ सोडला, बंद केला. फोनवर बोलली, अगदी थोडं. खिडकी लावून घेतली. मग पलंग वाजला. त्यानंतर काही नाही."

"हाक वगैरे मारली असेल. तुमचं मशीन चालू असेल तर..."

"बंद होतं. बाराला घेतलेलं काम अर्धवट टाकलं मी. म्हटलं, पोरगी दुपारची घरी आलीय म्हणजे बरं नसेल, झोपू दे. कशाला डोक्याखाली खडखड? तुम्ही येईपर्यंत इथंच बटणांची काजं करत बसले होते, हातानं."

"उठली असेल."

"उठली असती तर कळलं असतं. पाऊल टाकलं असतं तरी कळलं असतं. नाही उठली. हाक नाही, काही नाही. झोपली होती ती." त्या थांबल्या. "मी समाधानासाठी बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

त्यानं मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं तसं त्यानं ते येऊ दिलं. मावशींनी बघितलं आणि हातातला तुकडा उगाच घडी करायला घेतला.

तेवढ्यात वर नखं वाजली. टक टक टक टक, पलंगापासून दरवाजाच्या दिशेनं. मध्येच वळली. लप लप पाणी प्यायल्याचा आवाज आला, भांडं फरशीवर थोडं सरकलं. तो कप ठेवून अर्धवट उठला.

"बसा," मावशी हळूच म्हणाल्या.

तो बसला. वर नखं पुन्हा चार पावलं चालली, जागच्या जागी एक गोल फिरली आणि धप्पकन अंग टाकल्याचा आवाज आला. मग शांत झालं. आपण घरात नसताना आपलं घर असं शांत असतं, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

मावशींनी मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, तो काढून घेतला. चहा गार होऊन गेला. त्यानं मान मागे टेकवली आणि छताकडे बघत राहिला. वरून काहीच आवाज येत नव्हता, आणि तो तेच ऐकत बसला.