खालून मिळणारा ताल

माझ्या यानित्साच्या फुप्फुसांत जन्मापासून घट्ट कफ साचतो. तो सुटावा म्हणून रोज सकाळी आम्ही मायलेकी उड्या मारत आमचा बल्गेरियन लोकनाच, होरो, नाचतो. तीन आठवडे खालच्या दोब्रिंकाकाकू झाडूच्या दांड्यानं छत ठोकत होत्या. माझं डोकंच फिरलं. तरी चीजची गरम बानित्सा घेऊन माफी मागायला गेले.

"माफी कसली?" काकू कडाडल्या. "सातव्या मात्रेला दोघी चुकता! मी ताल देतेय, तुम्ही बहिऱ्या!"

दुसऱ्या दिवशी त्याच वर आल्या. तिघी इतक्या नाचलो, खिदळलो, की यानित्सानं खोकून कपात भलामोठा बेडका टाकला.

काकूंनी वाकून पाहिलं. "शाब्बास! पुन्हा पहिल्यापासून!"

तेवढ्यात खालून ठकठक सुरू झाली.

"आमचे हे," काकू म्हणाल्या. "यांना मेला तालच नाही!"