चौदा कौतुकं

पाचव्या भागाखालचे अभिप्राय मी मंगळवारी सकाळी वाचायला घेतले आणि पहिल्या विसांतच अडखळले. कोणीतरी लिहिलं होतं, ‘दाराशी उभी राहून ठिणगी म्हणते, मी तुझी मुलगी आहे, तुझी सावली नाही. त्यातल्या मुलगी या शब्दावर तिचा आवाज जो फाटतो, तो अजून कानात आहे.’

वाचून बरं वाटायला हवं होतं. ठिणगीचा आवाज माझ्या भाचीचा, थोरल्या बहिणीच्या मुलीचा. पण वाटलं नाही. कारण ठिणगी असं म्हणतच नाही. ती नुसतं म्हणते, ‘मी तुझी सावली नाही.’

‘नऊ दिव्यांचा गड’ ही चित्रमालिका वीस वर्षांपूर्वी घराघरांत पाहिली जायची. तिच्यातली राणी आता आई झाली आहे, आणि या दुसऱ्या मालिकेत तिची पंधरा वर्षांची मुलगी, ठिणगी, विझलेले दिवे शोधायला निघते. चित्रं बाहेरून तयार होऊन येतात, आमच्याकडे फक्त आवाज भरतात. त्यामुळे चित्रातलं तोंड जेवढा वेळ हलतं तेवढंच बोलता येतं. दाराच्या प्रसंगात ठिणगीचं तोंड लवकर मिटत होतं, म्हणून एकदा म्हणून झाल्यावर ते लांब वाक्य जागच्या जागी कापलं. काट मारलेला कागद माझ्याच कपाटात आहे. म्हणजे ते वाक्य तिच्या तोंडून फक्त त्या दिवशी खाली ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हजर असलेल्या माणसांनी ऐकलं.

माझं काम वरच्या मजल्यावर. प्रेक्षक काय म्हणतात ते वाचायचं, गोष्टीबद्दलचं एकीकडे, आवाजाबद्दलचं एकीकडे लावायचं, आणि जो अभिप्राय खऱ्या प्रेक्षकाचा वाटत नाही तो बाद करायचा. भाचीची निवड झाली तेव्हा मीच दिग्दर्शकांना म्हटलं होतं, “आवाजाबद्दलचं दुसऱ्या कोणाला द्या.” ते हसले. “ताई, तुमच्याइतकं कोरडं वाचणारं मला कुठे मिळणार?”

पाच भागांची मोजणी येत्या शुक्रवारी दिग्दर्शकांकडे जाणार होती. ठिणगीच्या आवाजाला नावं ठेवणारे जास्त निघाले, तर सातव्या भागापासून आवाज बदलणार, असं आधीच ठरलेलं. नावं ठेवणाऱ्यांना तोटा नव्हता. ‘राणीची सर नाही.’ ‘पोरगी झोपेतून उठून आल्यासारखी बोलते.’ ‘जुनीच मालिका परत दाखवा.’ एकाने तर लिहिलं होतं, ‘हिच्यापेक्षा आमचा मिक्सर गोड बोलतो.’ आवडलं म्हणणारे चोपन्न होते आणि नाही आवडलं म्हणणारे सत्तेचाळीस. पोरगी टिकणार होती.

मी तो अभिप्राय बाजूला ठेवला आणि त्याची भावंडं शोधायला लागले. जेवायच्या सुट्टीपर्यंत चौदा सापडले. नावं निरनिराळी, पण हात एकच. प्रत्येकात श्वास कुठे घेतला, शब्द कुठे सोडला, असलं बारीक काहीतरी. साधा प्रेक्षक ‘मस्त’ म्हणतो आणि मोकळा होतो.

माझे रोजचे काही नियम आहेत. पहाटे तासभर मौन, मग नामस्मरण, आणि दिवसभरात कुणाच्या पाठीमागे वाईट बोलायचं नाही. अठरा वर्षं पाळते आहे. पण नियम पडला जिभेचा. मनाने तोवर नाव घेऊन टाकलं होतं. त्या दिवशी खाली कोण होतं? दिग्दर्शक, ध्वनिमुद्रण करणारा, आणि माझी भाची. राणीचा आवाज देणाऱ्या राणीबाई आपली वाक्यं नेहमी वेगळ्या दिवशी भरतात. उरलं कोण?

बुधवारी शाळा सुटल्यावर ती आली. दप्तर टेबलावर आपटून तिने माझा डबा उघडला. “मावशी, परत तेच? तुझी जीभ कधी कंटाळत नाही का गं?”

“हळू खा. घसा बसेल.”

“बसला तर बरंच. लोक म्हणतील, आता जरा बरा लागतो.”

म्हणजे हिला लोक काय म्हणतात ते ठाऊक होतं. मी तिच्या बोटांकडे बघत राहिले. ही बोटं फोनवर किती भरभर चालतात ते मी पाहिलेलं आहे. आवाज शक्य तितका मऊ करून मी विचारलं, “बाळा, मालिकेखाली तू कधी काही लिहिलंस का?”

“मी कशाला लिहू?”

“सहज. दुसऱ्या नावाने वगैरे.”

तिने घास तसाच डब्यात ठेवला. “काय आलंय?”

“चांगलं आलंय. फारच चांगलं आलंय.”

तिच्या आईसारखी ती रडत नाही, तिचे कान लाल होतात. “म्हणजे चांगलं आलं, तर ते मीच लिहिलेलं असणार. दुसरं कोणी कशाला लिहील, हो ना?”

“तसं नाही गं...”

“तसंच आहे. ओरडली असतीस तर परवडलं असतं, मावशी. तू तर गोड बोलून चोर ठरवतेस.”

डबा उघडा टाकून ती खाली गेली. पाठोपाठ मीही गेले, काचेच्या अलीकडे उभी राहिले. सहाव्या भागाचं शेवटचं पान भरायचं होतं. ठिणगीने वादळाला दरडावायचं, आणि माझी भाची वादळाला पत्ता विचारल्यासारखी बोलत होती. पाच वेळा घेतलं. दिग्दर्शकांनी कागद खाली ठेवला. “आज काय खाऊन आलीस? की काही न खाताच आलीस?” तिने काचेतून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

ती गेल्यावर मी ध्वनिमुद्रणवाल्यापाशी बसले. हा माणूस दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कानात घालून बसतो आणि स्वतःचं साठवून ठेवतो. विचारलं की बांध फुटतो. पाचव्या भागाच्या दिवशी खाली कोण कोण होतं, एवढंच मी विचारलं.

“आम्ही दोघं, पोरगी, आणि राणीबाई.”

“राणीबाई? त्या तर वेगळ्या येतात.”

“एरवी येतात. त्या दिवशी एक माइक बिघडलेला, म्हणून दोघींना एकाच माइकसमोर उभं केलं. खांद्याला खांदा लावून.” मग त्याने दाराकडे बघून आवाज उतरवला. “ताई, तुम्ही ऐकलंत का? पोरीला काढलं तर राणीबाईंचाच आवाज यंत्रातून कोवळा करून ठिणगीला देणार म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

त्या रात्री नामस्मरणात माझं लक्ष लागलं नाही. माळ ओढत होते आणि मनात हिशेब चालला होता. राणीबाईंना जागा हवी असेल, तर त्या कौतुक का लिहितील? की मुद्दाम सापडेल असं लिहिलं? खोटं कौतुक उघडकीला आलं की बोट पोरीकडेच जाणार. माझं नाही का गेलं? मी, तिची सख्खी मावशी! हे जमवणारीचं डोकं मानायला हवं, असंही वाटलं, आणि वाटल्याची लाज वाटली.

गुरुवारी राणीबाई जिन्यातल्या खिडकीत कोमट पाण्याचा थर्मास घेऊन बसलेल्या सापडल्या. साठीच्या आहेत, पण फोनवर अजून लोक त्यांना ‘बेटा, आईला दे’ म्हणतात.

मी विचारलं, “पाचवा भाग पाहिलात?”

“मी माझं काम कधी बघत नाही. इतक्या वर्षांत एकही भाग पाहिला नाही. का?”

“दाराच्या प्रसंगात ठिणगी काय म्हणते?”

त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. लांब, अख्खं, ‘मुलगी’वर आवाज तसाच फाडून.

“ते कापलंय,” मी म्हटलं. “मालिकेत नाही ते.”

त्यांनी थर्मासचं झाकण सावकाश लावलं. “मग सापडले म्हणायचं.”

“का लिहिलंत?”

“जुन्या मालिकेच्या वेळी मला पत्रं यायची. एका बाईने लिहिलं होतं, तुझा आवाज म्हणजे पत्र्यावर नखं. तेवढं एक अजून पाठ आहे. चांगली शेकड्याने आली असतील, त्यातलं एक आठवत नाही. पोरगी माझ्या खांद्याशी उभी होती गं. ते वाक्य म्हणताना कापत होती. आणि वाक्य कसलं म्हणाली!”

“आणि तिला काढल्यावर तुमचा आवाज घेणार आहेत, ते?”

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. “मला विचारलं होतं. नाही म्हणून झालंय महिन्यापूर्वी. पटत नसेल तर दिग्दर्शकांना विचार.”

मी विचारलं. होय, विचारलं! खाली जाऊन, दार लोटून. ते म्हणाले, “हो, नाही म्हणाल्या. तुम्हाला कोणी सांगितलं?” तेव्हा कुठे मन गप्प झालं.

परत आले तेव्हा राणीबाई तिथेच होत्या. मी म्हटलं, “मला ते चौदा बाद करावे लागतील.”

“एक शब्द खोटा नाही त्यांत. नावं तेवढी खोटी.”

“तरी.”

“मग चाळीसच राहतील ना?” मोजणी त्यांनाही पाठ होती. “कर. मला विचारलं तर मी नाकारणार नाही.”

शुक्रवारी दुपारी दिग्दर्शकांच्या खोलीत ते, राणीबाई, भाची आणि मी असे चौघं होतो. त्यांनी कागद वाचला. चाळीस आणि सत्तेचाळीस. “मंगळवारी तर चोपन्न म्हणाला होतात.”

“चौदा खऱ्या प्रेक्षकाचे नव्हते.”

“मग कोणाचे?” असं म्हणत त्यांनी मान वळवली ती थेट भाचीकडे. तिने डोळे मिटले. मंगळवारी मनातल्या मनात माझीही मान अशीच वळली होती. अशी वळलेली मान कशी दिसते ते आत्ता मला समोर दिसत होतं.

मी आणि राणीबाई एकदमच बोललो. मी म्हटलं, “तिचे नाहीत.” त्या म्हणाल्या, “माझे आहेत.”

नंतर बरंच बोलणं झालं. राणीबाईंना त्यांनी मागे थांबायला सांगितलं. ठरलेलं ते ठरलेलं, सोमवारी नव्या आवाजांची चाचणी होईल. इतर मुलींबरोबर हिनेही द्यायची तर द्यावी, असं म्हणाले. मोजणीतलं आवाजाचं काम मी त्याच टेबलावर लेखी सोडलं.

भाची बाहेर जिन्यात बसली होती. शेजारी मीही बसले. “माझं चुकलं,” मी म्हटलं. “नुसतं विचारण्यात नाही. विचारायच्या आधीच मी ठरवून बसले होते.”

ती हात पुढे करून म्हणाली, “ते चौदा मला वाचायला दे.”

मी बाद केलेल्यांतून छापून आणले. एकेक कागद ती सावकाश वाचत गेली. मध्येच एकदा ओठ हलवून तिने एक शब्द म्हणून पाहिला. सगळे वाचून झाल्यावर गुडघ्यावर ठोकून तिने कडा जुळवल्या.

“मावशी, यातलं एक तरी तू लिहिलंस का?”

“नाही.”

“यातलं नाही, तर दुसरं कुठलं? पाच भागांत एखादं?”

“नाही.”

“का नाही?”

सोपं उत्तर होतं, की कामाचा नियम. ते जिभेवर आलंही होतं. पण ती उत्तराची वाट बघत होती, आणि पाच भाग मी तिचा आवाज फक्त मोजला होता, ऐकला नव्हता.

“वर चल,” मी म्हटलं. “पहिल्या भागापासून लावू. मी ऐकते आणि तुला तोंडावर सांगते, चांगलं, वाईट, जे असेल ते.”

“गोड बोलून नाही ना?”

“नाही.”

ती उठली. जिना चढताना माझ्या पुढे होती, आणि वर पोचेपर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही. पण खोलीत शिरल्यावर तिने दार माझ्यासाठी धरून ठेवलं आणि म्हणाली, “सोमवारी चाचणी आहे हं, मावशी. सुरू कर.”