भिंतीवरचा आवाज

आक्काच्या नाकावर आजवर माशी बसली नव्हती, आणि बसायची कुठल्या माशीची छातीही नव्हती. दोर वळणाऱ्यांच्या घरात जन्मली, दोर वळणाऱ्यांच्याच घरात दिली. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सुंभही तिच्या घरचं आणि पीळही तिच्याच घरचा.

दोराची शेड लांबच लांब आणि अरुंद. एका टोकाला चाक, दुसऱ्या टोकाला दगडी भिंत. चाकाशी सून बसायची. आक्का कमरेला वाखाच्या तंतूंचा भारा गुंडाळायची, वाखाचं टोक चाकाला अडकवायची आणि बोटांतून धागा सोडत सोडत मागे मागे चालत जायची. दोर वळणारं माणूस उलटंच चालतं. तोंड चाकाकडे, पाठ भिंतीकडे. पाठीला काही डोळे नसतात, म्हणून भिंतीपाशी घरातलं कुणीतरी उभं करायची रीत. भिंत जवळ आली की त्यानं हाक द्यायची, एवढंच काम.

हे काम धाकट्या लेकीचं होतं. "आई, भिंत!" म्हणून ती अशी ओरडायची की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा थांबायचं.

लेक मोठी झाली आणि दूरच्या शहरात गेली, आवाजाची नोकरी करायला. जाहिराती वाचायच्या, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणायचं, असलं काहीतरी. आक्का म्हणाली होती, "नुसतं बोलायचा पगार मिळतो? मग मी आत्तापर्यंत दोन बंगले बांधले असते."

त्यावर लेक हसली असती तर भागलं असतं. ती हसली नाही. शब्दाला शब्द लागला आणि शेवटी आक्काच्या तोंडून निघून गेलं, "जा. पण गेल्यावर मला फोन करू नकोस."

"नाही करणार. तू केल्याशिवाय नाहीच करणार."

दोघी एकाच वाखाच्या. तेव्हापासून लेकीचा फोन यायचा तो वहिनीच्या मोबाइलवर. सून बाहेरच्या खोलीत बोलायची आणि आत आक्का एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासायची. पातेल्याला तळ राहिला हेच नशीब. फोन संपला की विचारायची, "कोण गं? गवळी का?"

"हो, गवळीच," सून म्हणायची. "बरा आहे म्हणाला. जेवतो वेळेवर."

आणि मग गावभर ते क्यूआर कोड चिकटले. बंदरावर, जुन्या विहिरीवर, बाजाराच्या कमानीवर आणि आक्काच्या शेडमधल्या भिंतीवर. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, उंदरांनी कुरतडलेल्या फडक्यासारखा. पर्यटन कचेरीतली बाई सांगून गेली, की पाहुण्यांनी त्यावर मोबाइल धरला की त्यांना सगळी माहिती ऐकू येते.

"आणि मी काय मुकी आहे?" आक्का म्हणाली. पण चिकटवू दिला.

पहिल्या दिवशी सुनेनं गंमत म्हणून मोबाइल धरला. मोबाइल बोलायला लागला आणि सुनेचा हात तसाच हवेत राहिला.

"तुम्ही उभे आहात ती दोर वळायची शेड. समोर दिसतंय ते..." इथं एक बारीकसा श्वास. "...ते चाक."

आक्काच्या हातातला धागा तुटला. तो श्वास तिनं कुठंही ओळखला असता. लहानपणी धडा म्हणताना लेक अवघड शब्दाआधी अशीच थांबायची. चाक हा काही अवघड शब्द नव्हे.

आवाज पुढे बोलत होता. वाख कुठला, पेड किती, दोर जहाजाला कसा लागतो. सगळं अगदी बरोबर. आणि मग म्हणाला, "कमरेला वाख बांधून, धागा सोडत, दोर वळणारी माणसं पुढे चालत जातात."

"पुढे?" आक्का कडाडली. "पुढे? बाजाराला निघालीत का माणसं? या भिंतीपाशी उभी राहून मोठी झाली ही, आणि पुढे?"

"चुकलं असेल," सून म्हणाली.

"माझ्या पोटची ती. चुकत नाही. वाया जाते, पण चुकत नाही."

त्या दिवसापासून आक्का रोज सुनेपुढे हात पसरायची. "दे तो मोबाइल. बघू, सुधारलं का." भिंतीपाशी स्टूल ओढून बसायची आणि ऐकायची. चूक यायची, आक्का नाक मुरडायची, आणि तरी शेवटापर्यंत ऐकायची. मग म्हणायची, "नीट ऐकू आलं नाही, परत लाव." चाक फार कुरकुरतं म्हणून ऐकू येत नाही, असं खापर ती सुनेवर फोडायची. चाकात तेल घाल म्हणून तिनं सुनेच्या डोक्याचा भुगा केला होता. सून हो म्हणायची आणि विसरायची.

पाहुणे यायचे, ऐकायचे आणि समोर बघायचे. एक चष्मेवाला तर विचारताच झाला, "आजी, तुम्ही उलट्या का चालता? यात तर पुढे म्हणताहेत."

"यात म्हणताहेत त्यांना विचारा. लई शहाणी आहे ती."

सून एकदा हळूच म्हणाली, "आत्या, एवढा जीव जळतो तर फोन करून सांगा ना, चूक आहे म्हणून."

आक्का गप्प बसली. आक्का गप्प बसली की घर घाबरायचं. चूक सुधारली, तर उद्या मोबाइल मागायचा कुठल्या तोंडानं? एवढी एक चूक होती म्हणून रोज लेकीचा आवाज कानावर पडत होता. हे काय सुनेला सांगायचं?

पण पाहुण्यांनी कचेरीत कुरकुर केलीच. कचेरीतली बाई शेडमध्ये आली. "आक्का, तुमची सुटका झाली. साहेबांनी सांगितलंय, ते ध्वनिमुद्रण काढून टाकायचं. दुसऱ्या एका गृहस्थांकडून नवीन वाचून घेतोय. उद्याच."

"दुसऱ्या?" आक्का म्हणाली. "मग हिचा आवाज?"

"तो जाईल." बाई जरा घुटमळली. "खरं सांगू? आम्ही तेव्हाच त्यांना विचारलं होतं, उलटं चालतात ना म्हणून. त्या म्हणाल्या, राहू द्या तसंच. एक बाई भांडायला येतील. वाखाचा वास येईल आणि आवाज दाराबाहेरूनच येईल. त्या बाईंनी स्वतः मला फोन करून चूक सांगितली, की मी लगेच सुधारून देईन. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. आम्ही वाट बघत होतो, पण तुम्ही आलाच नाहीत भांडायला! हा त्यांचा नंबर."

"माझ्या लेकीचा नंबर मला तू देणार?" आक्का म्हणाली. बाईनं चिठ्ठी खिशात घातली आणि पाय काढता घेतला.

आक्का चाकाकडे बघत उभी राहिली. तर ही चूक नव्हतीच. गळ होता. आणि तिला वाटत होतं, आपण आमिष खातोय आणि गळ चुकवतोय. कारटी! आईला ओळखून होती. फक्त एवढं ओळखलं नव्हतं तिनं, की चूक ऐकून आई भांडायला उठायची सोडून स्टूल ओढून बसेल.

"बस चाकाशी," ती सुनेला म्हणाली. "आणि लाव तो फोन. इथं खोच, वाखात. मोठ्यानं ऐकू येईल असा. काम टाकून गप्पा मारायला मी काही रिकामी नाही."

सुनेनं फोन लावला आणि चाक फिरवायला घेतलं. चाक कुरकुरलं. आक्कानं पहिलं पाऊल मागे टाकलं.

"हं वहिनी, बोल," कमरेतून आवाज आला.

"वहिनी नाही. मी."

तिकडून तो श्वास आला. तोच.

"तुझी ती माहिती चुकीची आहे," आक्का म्हणाली. "लोक हसताहेत. उलटं चालतात."

"हो का? विसरले मी."

"खोटारडी."

"तुझीच."

आक्काला हसू आलं, ते तिनं खोकल्यात घालवलं. पाऊल मागे, पाऊल मागे.

"मग कसं ते नीट सांग," लेक म्हणाली. "आज सुधारून पाठवते."

"तोंड चाकाकडे ठेवायचं. चाक लांब लांब जातं. जाऊ द्यायचं. पण नजर काढायची नाही. नजर काढली की धागा तुटतो."

"आणि मागे?"

"मागचं दिसत नाही." आक्काच्या बोटांतून वाख सरकत राहिला. "मागे कुणीतरी लागतं."

नुसतं चाक वाजत होतं, आणि आक्का मागे मागे जात होती तसं ते बारीक होत चाललं होतं.

"आई, भिंत."

आक्का जागच्या जागी थांबली. धागा तसाच ताणून धरून तिनं एक हात मागे नेला. बोटांना दगड लागला, आणि त्यावरचा तो गुळगुळीत चौकोन.

"तिकडून दिसतं का गं तुला?"

"चाक ऐकू येतंय ना. एवढं बारीक झालं की भिंत येते. विसरेन होय?"

आक्कानं पदरानं तोंड पुसलं. कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, वाखाचं कुसळ डोळ्यात गेलं. पलीकडच्या टोकाला सून चाक थांबवून उभी होती.

"तुझ्या वहिनीला चाकात तेल घाल म्हणून जीव काढत होते मी," आक्का म्हणाली. "बरं झालं, ऐकलं नाही तिनं."

मग ती चाकाकडे निघाली, दुसरा पेड घ्यायला. "ठेवू नकोस," ती कमरेशी बोलली. "अजून दोन व्हायचेत."