समजावणारे गृहस्थ

टेलरकाका वीस वर्षं त्याच डॉक्टरांकडे येत होते. रक्तदाबाची गोळी सुरू झाली तेव्हा त्यांनी दबकतच विचारलं होतं, त्रास तर काहीच होत नाही, मग ती रोज कशाला घ्यायची? डॉक्टरांचा फोन वाजत होता. मान वर न करताच ते म्हणाले, "घ्यायची तर घ्या, नाहीतर राहू द्या."

काकांनी राहू दिली. चार महिन्यांनी शिलाई मशीनवरच ते कोसळले आणि गेले. तेरावं झाल्यावर काकू आल्या, न फोडलेल्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवून म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील. तुमच्या शब्दाबाहेर नव्हते ते." आवाजात राग नव्हता. असता तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं.

पुढच्याच महिन्यात, गोळ्या चुकवण्यात पटाईत असलेल्या एका आजींचा रक्तदाब अगदी बरोबर निघाला. डॉक्टरांनी कौतुक केलं, तशा त्या संकोचून म्हणाल्या की बाहेर बसतात ना तुमचे ते गृहस्थ, त्यांनी नीट समजावलं. शिवण उसवताना आवाज होत नाही, म्हणाले.

डॉक्टरांनी बाहेर कुणालाच बसवलं नव्हतं. कंपाउंडर म्हणाला, पेशंटांशिवाय इथे कोण बसणार?

मग पोस्टमन सुधारला, शाळेच्या बसचा ड्रायव्हर सुधारला. जन्मात पथ्य न पाळलेली माणसं घड्याळ लावून गोळ्या घेऊ लागली, गावभर डॉक्टरांच्या हाताला गुण आल्याचं बोललं जाऊ लागलं, आणि ते ऐकताना डॉक्टरांना आपण परक्याच्या ताटातलं जेवत असल्यासारखं वाटे. शेवटी त्यांनी फोन खणात टाकला आणि प्रत्येकाकडे पाहत, वेळ देऊन, गोळी कशासाठी, किती दिवस, हे स्वतः सांगायला सुरुवात केली. लोक आदराने ऐकून घेत आणि म्हणत, "हो, ते सांगितलंय त्यांनी."

एका दुपारी बराच वेळ आत कुणी आलं नाही. डॉक्टर उठले आणि त्यांनी हलकेच दार उघडलं. बाहेर आठ-नऊ माणसं बसली होती, सगळी कोपऱ्यातल्या एका रिकाम्या खुर्चीकडे किंचित झुकलेली. कुणी बोलत नव्हतं. एक म्हातारे मधूनच मान डोलावत होते.

दाराजवळच्या बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"जरा थांबा," त्या कुजबुजल्या, "त्यांचं होऊ दे."